कणकुंबीची माती कुठं गेली?

2019 च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला आणि बेळगावातल्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पिशव्यांचा ढीग लागला. त्यातल्याच दोन पिशव्या घेऊन कणकुंबीकडचे एक मामा आले होते. एक पिशवी वरच्या शेतातली, दुसरी खालच्या. खालच्या शेताचा बांध फुटून भाताच्या रोपांसकट वरचा थर गेला होता.

अहवाल हातात दिला. जांभ्याची आम्लधर्मी माती. लोह भरपूर, पण खालच्या शेतात सेंद्रिय कर्ब घसरलेला आणि जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.6 भाग) खाली, म्हणजे कमी. चुना, शेणखत, झिंक सल्फेट असं मी सांगत गेले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"खत मारतो ओ म्याडम. पर माझी माती गेली कुठं, ते सांगा की."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. पत्त्यावर कणकुंबी होतं, म्हणून मी मलप्रभा नदी सांगितली. जाड कण सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात बसणार, उरलेलं कृष्णेत, शेवटी बंगालचा उपसागर. मामांनी मान हलवली. "मलप्रभा नव्हं. माझं पाणी कळसा नाल्याला उतरतंय."

चूक माझी होती. कणकुंबी पाणलोटाच्या माथ्यावर आहे. मलप्रभा तिथंच उगम पावून पूर्वेला जाते आणि कळसा पश्चिमेला म्हादईत. तीच पुढं गोव्यात मांडवी होते. मामांची माती अरबी समुद्राकडे निघाली होती आणि वाटेत नविलुतीर्थासारखं धरणही नव्हतं.

मग मी लिटरच्या दोन मोजनळ्यांत ती माती ढवळली आणि एकीत 35 ग्रॅम मीठ टाकलं. समुद्राच्या पाण्याला साधारण इतकंच मीठ असतं. चहा होईपर्यंत मिठाच्या नळीत गाळ तळाला बसला. दुसरी अजून तांबडीलाल. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात. खारं पाणी ती ढकलाढकल मोडतं आणि कण गुठळ्या होऊन बसतात. नदीच्या पाण्यातलं बारीक लोहही बहुतांश असंच पणजीसारख्या मुखाशी बसतं. पश्चिम किनाऱ्यालगत साधारण 50-60 मीटर खोलीपर्यंत जो चिखलाचा पट्टा आहे, तो अशाच गाळाचा.

"मग पुढं काय जात नाही?" मामांनी नळी उजेडात धरली. पाण्यात पुसट गढूळपणा उरला होता.

पुढं जातं ते तेच. आमच्याकडे चिकणमाती मोजताना दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट कण 10 सेंटीमीटर खाली जायला सुमारे आठ तास धरतात. पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला. चार किलोमीटर खोल समुद्रात तोच कण सुटा राहिला, तर तळाला जायला 36 वर्षं! एवढ्या काळात प्रवाह त्याला कुठल्या कुठं नेतो. सूक्ष्म जीवांनी गिळून विष्ठेच्या गोळीतून टाकला, तर मात्र काही आठवड्यांत तळ गाठतो.

किनाऱ्याच्या चिखलात बसलेलंही स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात लाटा तो उकरतात आणि किनाऱ्याचा प्रवाह तेव्हा दक्षिणेला वाहत असतो. पावसाळा संपत येताना खालून वर आलेलं पाणी प्राणवायूला मोताद असतं. त्या चिखलात लोह आणि मँगनीज रूप बदलून विरघळतात. हे मामांना मला समजवावं लागलं नाही. "चिखलणीच्या वाफ्यात तांबडा तवंग येतोय, तसंच की," ते म्हणाले. अगदी तसंच. पाणी तुंबलेल्या भातशेतात हेच होतं.

विरघळलेला धातू प्रवाहाबरोबर खोल पाण्याकडे सरकतो. प्राणवायू भेटला की लोह लगेच घट्ट होऊन खाली पडतं. मँगनीजला वेळ लागतो, म्हणून ते लांब जातं. मध्य हिंद महासागरात पाच किलोमीटर खोल तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पडलेत. मँगनीज, लोह, शिवाय तांबं, निकेल, कोबाल्ट. असे गोळे 'गवेषणी' या आपल्या संशोधन जहाजानं पहिल्यांदा वर आणले ते 26 जानेवारी 1981 ला, अरबी समुद्रातून. दहा लाख वर्षांत हे गोळे काही मिलिमीटरच वाढतात. त्यांत मामांच्या शेतातलं काही असेल, असं मी म्हटलं नाही. त्यांत किती नद्यांचं, किती वाऱ्यांचं आणि समुद्रतळाचं स्वतःचं काय काय आलेलं असतं! पण कळसा नाल्यात गेलेलं मँगनीज त्या वाटेला लागू शकतं, एवढं खात्रीनं सांगता आलं.

मामा बराच वेळ गप्प होते. एक बोटभर थर व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे मी रोज सांगते. त्या दिवशी मात्र माझ्याच्यानं बोलवलं नाही.

मग त्यांनी अहवालाची घडी घातली. "झिंक म्होरल्या महिन्यात बघू. आदी कळशाकडचा बांध घालतो, वाळा लावून."

वाळ्याची रोपं कुठं मिळतील, ते मी पावतीच्या उरलेल्या जागेत लिहून दिलं.