ठ च्या पोटात माऊस गेला की

जुनी फ्लॅशची शिकवायची मॉड्यूल्स अॅडोबीच्या अॅनिमेट या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एचटीएमएल५ कॅनव्हासला, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालतील अशी काढायची, हे काम आमच्याकडे अजून चालूच आहे. फ्लॅश प्लेयर डिसेंबर २०२० ला बंद झाला तरी लोकांच्या कपाटातल्या सीड्या काही संपत नाहीत. यावेळी मुळाक्षरं होती. प्रत्येक अक्षर म्हणजे बटण, माऊस वर नेला की टिक, दाबलं की बाईंच्या आवाजात अक्षर.

बाहेरच्यांना वाटतं आवाजाची फाईल ओढून टाकली की झालं. बटणाला चार फ्रेम असतात, अप (नुसतं असताना), ओव्हर (माऊस वर आल्यावर), डाऊन (दाबल्यावर) आणि हिट (किती जागा बटण धरायची ती). हिट स्क्रीनवर दिसत नाही म्हणून ती कोणी भरत नाही, आणि मग अक्षराची रेघ तेवढीच बटण होते. ठ घ्या, माऊस रेघेवर आला की टिक, पोटात शिरला की बटणाच्या बाहेर, पलीकडच्या रेघेवर परत टिक, आणि आवाजाचं सिंक सेटिंग इव्हेंटवर असलं की आधीचा संपायच्या आत नवा सुरू होऊन आवाज एकमेकांवर चढतात ते वेगळंच. ळ ला तर दोन पोटं! मूळ फाईल ज्यांनी केली त्यांनी बहुतेक फक्त क वर माऊस फिरवून बघितला असावा. मी सगळ्या हिटमध्ये चौकोन भरले, बाईंच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापली, कारण तेवढ्यानेही बोट आधी आणि आवाज मागून असं वाटतं. मस्त जमलं होतं.

डेमोला क्लायंटकडच्या सरांनी पान उघडलं, माऊस हळूहळू अक्षरांवरून फिरवला, आणि काहीच नाही. एकही टिक नाही. आमच्याकडे कधी असं झालं नव्हतं कारण आम्ही सगळे सवयीने पानावर आधी एक क्लिक करतो. क्रोम पानावर क्लिक किंवा टॅप झाल्याशिवाय आवाज सोडत नाही, नुसता माऊस फिरवणं त्याच्या हिशोबात येत नाही. हे मी सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "पण सीडीत वाजायचं ना?" वाजायचं हो, तेव्हा ब्राउझरला कोणी विचारत नव्हतं.

शेवटी पहिल्या पानावर मोठं 'सुरू करा' बटण टाकलं, त्या क्लिकवर आवाज मोकळा होतो. त्याच्या रंगावरच अर्धा तास चर्चा झाली. आणि निघता निघता सर सहज बोलून गेले की शाळांमध्ये कॉम्प्युटर नाहीतच, सगळं टॅबवर चालणार आहे. टॅबवर! जिथे बोट एकतर काचेला लागलेलं असतं किंवा नसतं, मधला ओव्हर असतोच कुठे? म्हणजे ज्या टिकसाठी एवढं सगळं झालं ती एकाही पोराला ऐकू येणार नाही, आणि हे पहिल्या मीटिंगमध्ये कळलं असतं तर मी डाऊनला जरा भरीव आवाज लावून मोकळा झालो असतो.

काल त्यांचा मेल आलाय, टॅबवर बोट जवळ नेल्यावर टिक वाजत नाही, कृपया तपासावे.