पोटमाळ्याची पट्टी

"पोटमाळ्याची पण पट्टी भरताय होय ओ?" शेजारचे टेलरकाका चष्मा कपाळावर सरकवून माझं घरपट्टीचं बिल वाचत होते. मी वर बघितलं तर वर नुसतं छत.

२०१९ च्या पुरात सांगलीत दुकानात पाणी शिरलं, लाकडी माळा फुगून वाकडा झाला, मग काढूनच टाकला. भिंतीत खाचा अजून आहेत, एकीत उदबत्तीचा पुडा ठेवतो. पण कागदावर माळा उभाच, कारण काढला हे लेखी कळवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही (चूक आपलीच, बोलणार कुणाला).

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तर दोघांनी टेप धरून दुकान मोजलं. काका म्हणाले, खालची रक्कम बघून बोंबलायचं नाही, आधी क्षेत्रफळ बघ, वापर काय लावलाय बघ, मग वर्षाचं भाडं किती धरलंय ते, त्यातनं दुरुस्तीचे १० टक्के वजा करून जे करयोग्य मूल्य राहतं त्याच्यावर पट्टी बसते. म्हणजे माप चुकलं की पुढचं सगळंच चुकलं की!

उद्या फोटो लावून फेरमोजणीचा अर्ज देतोय, पोच घेऊनच येणार.

तुमच्या बिलावर कुठला माळा उभा आहे, बघितलंय का कधी?