हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची कूलंटची नळी बदलताना

मिशिगनमध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात झाली की माझी 1992ची माझदा एमएक्स-5 गॅरेजमध्ये जाते आणि वसंतात पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत बाहेर येत नाही. अमेरिकेत ‘मियाटा’ या नावाने विकली गेलेली ही दोन आसनी उघडी गाडी मी दरवर्षी नेमाने साठवणीत ठेवतो. टाकी भरून पेट्रोलमध्ये ते खराब होऊ न देणारे स्टॅबिलायझर घालतो, बॅटरीला मंद चार्जर लावतो आणि टायरमध्ये थोडी जास्त हवा भरतो. या यादीत रबरी नळ्यांचा विचार सहसा कोणी करत नाही, कारण गाडी चाललीच नाही तर नळी झिजेल कशाने, असे आपल्याला वाटते.

यंदा बॉनेट उघडले तेव्हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, राखीव बाटलीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली होती. जमिनीवर थेंब नव्हता, पण इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाशी, वाळलेल्या कूलंटचा हिरवट पांढरा थर जमला होता. नुसत्या डागावर विसंबून नळी बदलू नये, म्हणून मी सुट्या भागांच्या दुकानातून दाब तपासण्याचा हातपंप आणला. येथील बरीच दुकाने अनामत रक्कम घेऊन अशी हत्यारे वापरायला देतात. रेडिएटरच्या टोपीच्या जागी तो बसवून टोपीवर छापलेल्या मर्यादेइतकाच दाब दिला. काही क्षणांत त्याच नळीच्या क्लिपजवळ ओल दिसू लागली आणि शंका फिटली.

नळीच्या बिघाडाचे कारण मला दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे वाटते. या नळ्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात. इंजिनाचे निरनिराळे धातू, कूलंट आणि नळी यांचा मिळून एक प्रकारचा विद्युतघट तयार होतो. त्यामुळे नळीच्या आतल्या पृष्ठभागावर, विशेषतः टोकांजवळ, बारीक चिरा पडतात, कूलंट त्यांतून आतील धाग्यांच्या थरापर्यंत झिरपते आणि नळी बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून कमकुवत होत जाते. म्हणून गार इंजिनावर नळी टोकापासून पाचेक सेंटीमीटरच्या पट्ट्यात बोटांनी दाबून पाहावी आणि मधल्या भागाशी ताडून पाहावी. माझी नळी मध्यभागी घट्ट होती, पण टोकाशी नको तितकी मऊ लागत होती.

जागा मात्र अडचणीची होती. या गाडीचे 1.6 लिटरचे इंजिन मुळात माझदाच्या 323 या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या कुळातले आहे; तेथे ते आडवे बसत असे. एमएक्स-5मध्ये ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, पुढच्या टोकाला नेला गेला आणि हीटरची नळी मागे, इंजिन आणि डॅशबोर्डमधील पत्र्याच्या भिंतीच्या चिंचोळ्या फटीत राहिली. स्पार्क प्लगना वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा संच सोडवून बाजूला घेतल्याशिवाय तेथे पक्कड नीट फिरत नाही. तो काढण्यापूर्वी मी वायरींचे छायाचित्र घेतले आणि बॅटरी सोडवली.

थंड इंजिनावर रेडिएटरच्या तळाचा प्लग उघडून कूलंट भांड्यात काढले. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अत्यंत विषारी असते, त्यामुळे शेजारच्या मांजरीच्या धास्तीने ते भांडे मी लगेच झाकणबंद केले. जुनी नळी ओढून काढण्याचा मोह टाळणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग होय; हीटर कोअरची, म्हणजे डॅशबोर्डमागे गाडीतली हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरची, धातूची नळी पातळ असते, ती वाकली किंवा तडकली तर डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. मी रबर ब्लेडने, धातूला धार न लागू देता, लांबीच्या दिशेने चिरले आणि सालीसारखे सोलून काढले. त्यानंतर धातूवरचा थर घासून साफ केला. नवी नळी सरकवताना ग्रीस किंवा तेल न लावता थोडे कूलंटच लावले, कारण खनिज तेलाने ईपीडीएम फुगते. क्लिपाही मूळच्या स्प्रिंगच्याच ठेवल्या. कडाक्याच्या थंडीत रबर आकसते तेव्हा स्क्रूची क्लिप जागच्या जागी राहते, स्प्रिंगची मात्र रबराबरोबर आवळत जाते. त्या वयाची दुसरी हीटर नळीही हात पोहोचतच होता म्हणून तेव्हाच बदलली.

कूलंट आणि शुद्ध पाणी मी निम्मेनिम्मे मिसळले. हे मिश्रण सुमारे उणे 37 अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, आणि येथे तेवढी सोय लागतेच. भरण्यापेक्षा आत अडकलेली हवा काढण्यात अधिक वेळ गेला. गाडीचे नाक जॅकने उचलून स्टँडवर टेकवले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, टोपीच्या जागी फनेल बसवले आणि इंजिन मंद गतीवर चालू ठेवले. थर्मोस्टॅट उघडल्यावर वरची नळी गरम झाली, फनेलमध्ये मोठे बुडबुडे आले आणि पातळी एकदम खाली गेली. बुडबुडे थांबेपर्यंत आणि आत सलग गरम वारा येईपर्यंत ओतत राहिलो, मग इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ दिले. गरम रेडिएटरची टोपी उघडण्याची घाई कोणीही करू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे तो उसळून अंगावर येतो.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर सकाळी, इंजिन थंड असताना, राखीव बाटलीत थोडी भर घालावी लागली. उरलीसुरली हवा निघाली की असे होतेच. पुढे पातळी स्थिर राहिली आणि क्लिपांखाली ओल आली नाही. जुने कूलंट गटारात न ओतता मी घातक कचरा स्वीकारणाऱ्या काउंटीच्या केंद्रात जमा केले.