मान मागे पडत होती, अडलं होतं जांघेत

थ्रोअवे ओव्हरस्वे, म्हणजे बॉलरूम नाचातली एका पायावर वाकून दुसरा पाय मागे ताणायची आकृती, करताना गरगरतं, अशी ६७ वर्षांच्या काकूंची तक्रार होती. डॉक्टरांनी कान आणि रक्तदाब तपासून नाचायला हरकत नाही म्हटलं होतं, फक्त मान मागे टाकायची नाही. "पण मग अंगाची लांब रेषा कशी दिसणार? मी तर रोज मानच ताणते," काकू म्हणाल्या.

संगीत बंद ठेवलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून त्यांना एकटीने ती आकृती करायला सांगितली. मी बाजूने पाहत होतो. उजव्या पायावर वजन आलं, गुडघा वाकला, डावा पाय शरीराखालून मागे निघाला आणि अर्ध्यावर अडला. उरलेली लांबी कमरेने काढली: कंबर आत, फासळ्या पुढे, शेवटी डोकं मागे. मान बिचारी इतरांची उधारी फेडत होती.

मग भक्कम बाकाच्या कडेला बसवून उताणं निजवलं. उजवा गुडघा छातीशी धरून कंबर बाकाला टेकवली, डावा पाय कडेवरून सोडला. डावी मांडी बाकाच्या पातळीला यायला हवी होती. ती चार बोटं वरच राहिली. म्हणजे जांघेतले स्नायू आखडलेले.

गुडघे दुखरे, म्हणून जमिनीवर गुडघा टेकवायचा ताण बाद. उभ्यानेच घेतला: डावा पाय एक पाऊल मागे, टाच उचललेली, गुडघा किंचित सैल. आधी डावा नितंब आवळून ओटीपोट वर घ्यायचं, मग जेमतेम दोन बोटं पुढे सरकायचं. ३० सेकंद, तीनदा. इथे बहुतेक जण पुढे झोकून देतात; मग कंबर पुन्हा आत जाते आणि जांघेला काहीच लागत नाही. ओढ मांडीच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूने जाणवायला हवी. कमरेत जाणवली तर चुकलं.

पुन्हा आकृती. या वेळी डावा पाय अर्धं पाऊल कमी मागे, डोकं मागे न टाकता डावीकडे वळवलेलं, उंची माथ्यातून. पाय कमी गेला, तरी टाचेपासून कानापर्यंतची रेषा लांब दिसली, कारण मधे कमरेत ती मोडत नव्हती. दहा मिनिटांत स्नायू लांबत नाहीत. ओढ सोसायची तयारी वाढते, एवढंच. खरा फरक पडायला काही आठवडे लागतात. असे लांब ताण नाचानंतर घ्यावेत. आधी पाय झुलवणं, खांदे फिरवणं पुरतं.

जोडीने करायला लावलं आणि काकू परत मागे कलंडल्या! आता पाहिलं ते त्यांच्यासोबत नाचणाऱ्या काकांकडे. डावा गुडघा वाकवताना त्यांचा घोटा अडत होता. गुडघा पुढे जाईना, म्हणून धड पुढे झुकून काकूंना ढकलत होतं. भिंतीशी मोजलं: टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, तर त्यांचा अंगठा भिंतीपासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर. १० च्या आसपास असेल तर ठीक समजतात. पोटरीचा ताण ते घेत होते, पण फक्त गुडघा सरळ ठेवून. त्यांना गुडघा वाकवून, टाच दाबून धरायचा ताण दिला आणि तोवर आकृतीतली खोली निम्मी केली. काकूंचं डोकं त्या संध्याकाळी पुन्हा मागे पडलं नाही.