सरकत्या पानावर स्वतःचा उभा स्लायडर बसवताना: माझा अनुभव

अँड्रॉइडच्या तयार स्लायडरवर (पट्टीवर गोळा सरकवून आकडा निवडायचं साधन) भागत असेल, तर स्वतःचा लिहायला घेऊ नये. मला मात्र उभा स्लायडर हवा होता आणि तोही वर-खाली सरकणाऱ्या पानावर.

आधी आकार. दिसणारा गोळा २० डीपीचा ठेवला, पण व्ह्यूची, म्हणजे स्पर्श घेणाऱ्या पूर्ण घटकाची, रुंदी ४८ डीपी. एक डीपी म्हणजे इंचाचा १६०वा भाग, त्यामुळे ४८ डीपी साधारण साडेसात मिलिमीटर भरतात. बोटाला एवढी जागा लागतेच. टच डेलिगेट (आजूबाजूचा स्पर्श व्ह्यूकडे वळवणारी सोय) लावून हीच जागा वाढवता येते, पण एका पॅरेंटवर, म्हणजे व्ह्यूला सामावणाऱ्या बाहेरच्या घटकावर, एकच डेलिगेट राहतो. दुसरा लावला की पहिला गुपचूप जातो. म्हणून व्ह्यूच मोठा घेणं बरं.

मग खरी डोकेदुखी. बोट ८ डीपीच्या आसपास सरकलं की स्क्रोल व्ह्यू, म्हणजे सरकणारं पान, स्पर्श स्वतःकडे ओढून घेतो, स्लायडरला 'अ‍ॅक्शन कॅन्सल' (स्पर्श रद्द झाल्याची सूचना) मिळतो आणि गोळा मध्येच अडकतो. उपाय असा: 'अ‍ॅक्शन डाउन'ला, म्हणजे बोट टेकताच, ते गोळ्याच्या ४८ डीपीच्या चौकोनात पडलं असेल, तरच पॅरेंटवर 'रिक्वेस्ट डिसअलाऊ इंटरसेप्ट टच इव्हेंट' (स्पर्श ओढून घेऊ नकोस, ही विनंती) ट्रू करायचं आणि स्पर्श हाताळणाऱ्या फंक्शनमधून ट्रू हे उत्तर द्यायचं. नुसत्या पट्टीवर पडलं तर उत्तर फॉल्स, म्हणजे पान नेहमीसारखं सरकतं. पूर्ण पट्टी अडवली तर वापरणाऱ्याचं पानच अडकून बसतं, आणि ते जास्त वाईट. 'कॅन्सल' आला की दाबल्याचा रंग उतरवायला विसरू नका. फक्त 'अप'मध्ये (बोट उचलल्यावर) रंग उतरवला तर तो कायमचा चिकटतो.

गोळा कधीच बरोबर मध्यावर पकडला जात नाही. 'डाउन'ला बोट आणि गोळ्याचा मध्य यांतलं अंतर साठवून प्रत्येक 'मूव्ह'मध्ये (बोट सरकल्याच्या सूचनेत) वजा केलं नाही, तर गोळा उडी मारतो. २०० डीपीच्या पट्टीवर ० ते १०० बसवले, तर एक अंक २ डीपीचा. १० डीपीची उडी म्हणजे सरळ ५ अंकांची चूक. एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) माउसचं टोक बारीक असल्याने हे ध्यानात येत नाही. हातातल्या फोनवर अंगठ्यानेच तपासा. अंगठा आकडा झाकतो, म्हणून तो गोळ्याच्या बाजूला, अंगठ्याबाहेर दाखवला.

टॉकबॅकसाठी (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) स्लायडरच्या नोडला, म्हणजे टॉकबॅक वाचतो त्या नोंदीला, रेंजची (किमान, कमाल आणि आताचा आकडा) माहिती आणि 'स्क्रोल फॉरवर्ड', 'स्क्रोल बॅकवर्ड' या दोन क्रिया द्याव्या लागतात. त्या नसतील, तर डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला हा स्लायडर हलवणं फार अवघड जातं.