तुम्ही विचारलंत म्हणून: दोस्ताला किडनी बसवलीय, आता आम्ही काय करायचं?

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगावातल्या गल्ल्या, कुठूनही विचारणा आली तरी प्रश्न तोच असतो: "आमच्या दोस्ताला किडनी बसवलीय, आठ दिवसांत घरी येतोय. आम्ही पाच-सहा जण आहोत, काय करू?" घरच्यांना डॉक्टर समजावून सांगतात. मित्रांना कोणी सांगत नाही, आणि धावपळीची तयारी तर त्यांचीच जास्त असते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्या महिन्यात गर्दी करू नका आणि सहाव्या महिन्यात गायब होऊ नका, एवढं आधी सांगतो. होतं नेमकं उलटं. घरी आणायच्या दिवशी दोन गाड्या भरून माणसं जातात, सोप्यात पाय ठेवायला जागा नसते. चार महिन्यांनी औषध संपत आलेलं असतं, तपासणीला जायला गाडी नसते, तेव्हा मात्र ज्याचा त्याचा व्यापार सुरू झालेला असतो.

यामागचं कारण समजून घ्या. शरीर नव्या किडनीला परकं समजतं आणि तिच्यावर हल्ला करतं. तो थोपवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतात, बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड). पहिले तीन महिने त्यांचा मारा सर्वांत जास्त, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीतीही तेव्हाच जास्त. पुढे मात्रा उतरते, माणूस कामाला लागतो, बरं वाटतं, आणि डोस चुकायला लागतात ते तेव्हा. किडनी नाकारली जायला लागली तर बहुतेक वेळा दुखत नाही. सूज नाही, ताप नाही, लघवी होतेय, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) मात्र चढत असतं. त्यामुळे "मला काही होत नाहीय" या शब्दावर तपासणी पुढे ढकलू देऊ नका.

पहिलं काम औषधाच्या कागदाचं. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात याला विशेष महत्त्व आहे. स्ट्रिपवर इंग्रजी, डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजी, दवाखान्यातलं बोलणं पुष्कळदा कन्नडमध्ये, आणि गोळ्या काढून देणाऱ्या आईला किंवा वैनीला वाचता येतं ते मराठी. तुमच्यापैकी ज्याचं अक्षर चांगलं आहे त्यानं एका कागदावर मोठ्या अक्षरात तक्ता काढावा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅमची गोळी, सकाळी किती, रात्री किती. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल अर्धा मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या येतात. आकड्यात '०.५' लिहिलं आणि मधला ठिपका पुसट झाला की पाच होतात, म्हणून 'अर्धा मिलिग्रॅम' असं अक्षरातच लिहा. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर ही मात्रा वरचेवर बदलतात, अनेकदा फोनवर. फोनवर सांगितलेलं लगेच परत वाचून दाखवा, नवा तक्ता काढा, वर तारीख घाला आणि जुना कागद फाडून टाका. नवा तक्ता फ्रिजवर आणि जुना देवघराजवळ, अशानं चुकीचा डोस पोटात जातो.

टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायचं असतं, समजा सकाळी ८ आणि रात्री ८. जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, जसं सांगितलं असेल तसं, पण रोज एकसारखं. दोन फोनवर गजर लावा, एक त्याच्या आणि एक तुमच्यापैकी कुणाच्या तरी. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायचे नाहीत. दवाखान्यातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला, म्हणजे अशा पेशंटची सगळी व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, विचारायचं. डोस घेतल्यावर लगेच उलटी झाली तरीही फोन करायचा. जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कमी होण्याऐवजी वाढते आणि किडनीलाच त्रास होतो.

दुसरं काम रक्त तपासणीच्या दिवसाचं. साधारण पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला असा हा क्रम असतो. टॅक्रोलिमसची पातळी बघायची तर रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यावं लागतं. कॅप्सूल घरून घेऊन निघाला तर रिपोर्ट चुकीचा जास्त येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि किडनीला औषधाचं संरक्षण कमी पडतं. म्हणून सकाळची गोळी डबीत घालून सोबत न्यायची, रक्त दिल्याबरोबर तिथेच घ्यायची. जांबोटी किंवा कणकुंबीकडून बेळगावात ८ वाजता पोचायचं म्हणजे गाडी आदल्या रात्रीच ठरलेली हवी. ऑपरेशन बेंगळुरूत झालं असेल आणि तुम्ही राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं जाणार असाल, तर रात्रीचा डोस गाडीत कोण आठवण करून देणार हे निघण्याआधी ठरवा, आणि गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. दोघं सोबत जात असाल तर एक चांगलं कन्नड बोलणारा असावा.

नवी किडनी खाली जांघेच्या वरच्या बाजूला बसवलेली असते. गाडीचा पट्टा नेमका तिथूनच जातो. पट्टा सोडू नका, मध्ये दुमडलेला टॉवेल घाला. पहिले सहा ते आठ आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही; भरलेली घागर त्याहून कितीतरी जड असते. दुचाकीही तोवर नको. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) केलेला असेल तर त्या हाताला धरून उठवू नका, त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. लॅबमधला पोरगा नवा असला तर हे सोबतच्या मित्रानंच सांगावं लागतं.

बहुतेकांच्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवलेली असते. चार ते सहा आठवड्यांत ती काढतात. बाहेरून दिसत नाही म्हणून विसरली जाते, आणि राहिली तर संसर्ग होतो, खडे धरतात. काढायची तारीख विचारून घ्या आणि घरच्या कालनिर्णयवर लाल पेननं लिहा.

भेटायला जाताना हात साबणानं धुवा, मास्क लावा, एका वेळी दोघांपेक्षा जास्त नको. सर्दी, खोकला, ताप, अंगावर पुरळ, घरात कुणाला कांजिण्या, यातलं काहीही असेल तर जाऊच नका, फोनवर बोला. पलंगावर त्याच्या शेजारी बसू नका. एकानं गल्लीत, पावण्यांत, ग्रुपवर रोजची खबर द्यायची जबाबदारी घ्या. म्हणजे वैनीला दिवसातून वीस वेळा तेच सांगावं लागत नाही.

काय न्यावं, हे तर सगळेच विचारतात. शहाळं नेऊ नका. टॅक्रोलिमस आणि संसर्ग टाळायला दिलेलं कोट्रायमॉक्साझोल, दोन्हींनी रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि शहाळ्यात तेच भरपूर असतं. रिपोर्ट बघून डॉक्टर परवानगी देतील तेव्हा प्यावं, केळ्यांचंही तसंच. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, बॉक्सही नको, निदान सुरुवातीला. स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे आधी मधुमेह नसलेल्यालाही साखर चढते, आणि स्टिरॉइडनं भूक इतकी लागते की समोरचा बॉक्स संपतोच. चतुर्थीला बाजारात येणारं पपनस तर अजिबात नको, कधीच नको. त्यातल्या घटकांमुळे टॅक्रोलिमस शरीरात साठतं आणि पातळी भलतीच वर जाते. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, भंडाऱ्यातलं जेवण, कच्ची कोशिंबीर हे पहिले काही महिने बंद. घरी तापवलेल्या दुधाचं ताजं दही बहुतेकांना चालतं. पाणी खळखळून उकळलेलं, आणि बाहेर जाताना स्वतःची बाटली.

गुळवेलीचा काढा घेऊन येणारे खूप असतात, आणि ते प्रेमानंच आणतात. पण ज्या औषधानं प्रतिकारशक्ती वाढते ते या माणसाला विषासारखं आहे. तिला दाबायलाच तर रोज एवढ्या गोळ्या चालल्यात. गुळवेल, अश्वगंधा, झाडपाल्याची पावडर, कुणी सांगितलेलं चूर्ण, काहीही घरात येऊ देऊ नका. दारात अडवायचं काम मित्रांनी करावं, कारण घरच्यांना पाहुण्यांना नाही म्हणणं जड जातं. तसंच अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा एसिक्लोफेनॅक आणून देऊ नका. ही किडनीवर थेट घाव घालतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही विचारून. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर घेण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना नाव कळवा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोलनं टॅक्रोलिमसची पातळी चढते, रिफाम्पिसिननं उतरते.

औषधाचा साठा बघणं हे एकाचं कायमचं काम असू दे. घरात निदान पंधरा दिवसांचं औषध हवंच. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही औषधं मागवून घ्यावी लागतात. मृगाच्या आधी, विशेषतः मलप्रभेच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी, महिन्याभराचं आणून ठेवावं. पावसात रस्ता बंद झाला तर डोस थांबत नाही. कंपनी बदलून देतो म्हणाले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वस्त मिळतंय म्हणून ब्रँड बदलला की पातळी बदलू शकते.

शेतकरी असेल तर तुमची खरी गरज शेतात आणि गोठ्यात आहे. शेणखत, कुजका पाला, बुरशी आलेला कडबा यांच्या धुळीतून बुरशीचा फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. दूध काढणं, डेअरीला घालणं, रात्री लाइट आल्यावर मोटार चालू करायला जाणं, उसाला टोळी आली की उभं राहणं, हे आळीपाळीनं वाटून घ्या. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, तो सांगणार नाही. "मंगळवार-बुधवार दूध माझ्याकडं" असं म्हणा. निपाणीकडच्यांना वेगळं सांगायला नको, पण तंबाखू, बिडी, मिश्री यातलं काही त्याच्यासमोर काढू नका.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो चिडेल, रात्री झोपणार नाही, एकदम रडेल, चेहरा गोल होईल, हात थरथरतील. राग, झोप आणि चेहरा बहुतेक स्टिरॉइडमुळे, थरथर टॅक्रोलिमसमुळे. मात्रा उतरली की यातलं बरंच कमी होतं. "तू पहिल्यासारखा राहिला नाहीस" असं तोंडावर बोलू नका. ते त्याला आरशात रोज दिसतंय. फिरायला सोबत जा, सकाळच्या कोवळ्या उन्हात, टोपी घालून. उदासी दोन-तीन आठवडे हटेना तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

रोज सकाळी वजन, ताप, बीपी, आणि सांगितलं असेल तोवर किती पाणी प्यालं आणि किती लघवी झाली, हे वहीत लिहिलं जातंय का बघा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, एका दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी एकदम कमी होणं किंवा लाल होणं, नव्या किडनीवर दुखणं, धाप लागणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्री कुणाची गाडी निघणार हे नाव आणि नंबरासह त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

काही जण हळूच विचारतात, मित्र किडनी देऊ शकतो का. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. मित्राला केवळ जिव्हाळ्यापोटी देता येतं, पण त्यासाठी प्राधिकार समितीची (अशा दानाला मंजुरी देणाऱ्या कायदेशीर समितीची) परवानगी लागते आणि समिती कसून चौकशी करते. पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे.

आणि ज्यानं किडनी दिली त्याला विसरू नका. बहुतेक घरांत ती आई किंवा बायको असते, आणि आठव्या दिवशी ती चुलीपुढं उभी दिसते. तिचंही ऑपरेशन झालंय, तिलाही चार ते सहा आठवडे जड काम नको. डबा पाठवायचा तर दोघांचा पाठवा, पाणी भरायला कुणी तरी जा, आणि दरवर्षी तिची बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रोटीनची तपासणी होतेय का, हेही तुमच्या त्याच वहीत लिहा.