निगेटिव्हमधलं आकाश : आमची वाटचाल

नाशिकला रविवार कारंजाजवळ वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट साइज, शाळांचे ग्रुप फोटो. डिजिटल आलं, डार्करूमला कुलूप लागलं आणि निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा एन्लार्जर माळ्यावर गेला. त्यानंतर लोक घरातल्या जुन्या निगेटिव्ह घेऊन यायला लागले. "याचं काही होईल का हो?" एवढंच विचारायचे. मग धाकट्या भावाने आणि मी मिळून एक फ्लॅटबेड स्कॅनर घेतला.

पहिलं मोठं काम एका निवृत्त शिक्षकांचं होतं. तरुणपणी ते डोंगर भटकायचे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, सगळं कृष्णधवल. आम्ही स्कॅनरमधली धूळ काढायची सोय चालू केली आणि भराभर स्कॅन करून दिलं. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या कडा मेण वितळल्यासारख्या झाल्या होत्या. आमच्या ते लक्षातही आलं नाही, सरांच्या आलं. पुढचा ब्रह्मगिरीचा फोटो हातात धरून ते म्हणाले, "अहो, त्या दिवशी डोंगरावर ढग उतरले होते. ते कुठे गेले?"

त्या रात्री आम्ही दुकान बंद केलं नाही.

पायऱ्यांचं कारण आधी सापडलं. ती सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून हे किरण आरपार जातात आणि धूळ तेवढी अडते. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र मात्र चांदीचं असतं, आणि चांदीही किरण अडवते. मशीनला चित्रच धूळ वाटतं आणि ते पुसायला निघतं. तेव्हापासून चांदीच्या फिल्मला ती सोय बंद. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि उरलेले ठिपके स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून एकेक हाताने. एका फोटोला कधी तासही जातो.

ढगांचा घोळ ऑटो काँट्रास्टने, म्हणजे उजेड-अंधार आपोआप ठरवणाऱ्या सोयीने केला होता. निगेटिव्हमध्ये आकाश हा सगळ्यांत दाट, काळा भाग. ऑटोने तोच सपाट पांढरा करून टाकला होता. आम्ही निगेटिव्हची तीच पट्टी पुन्हा लावली, सगळं ऑटो बंद केलं, 16 बिट ग्रेस्केल (फक्त काळ्या-पांढऱ्या छटा), टिफ फाइल (तपशील न गमावणारी). 8 बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा मिळतात, 16 बिटमध्ये 65,536. स्कॅन आला तो फिकट, मळकट, बघवेना असा. नवखा माणूस इथेच घाबरतो, आम्हीही घाबरलो. पण त्या मळकटपणात ढग होते. कर्व्हला (छटा उजळ-गडद करायच्या रेषेला) हलकासा इंग्रजी एस अक्षराचा बाक दिला, आकाश वेगळं निवडून थोडं गडद केलं, पायथ्याची झाडं थोडी उजळली. डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटली की समजायचं, हात जड झाला. निवडीची कड अजून मऊ करायची आणि पुन्हा सुरुवात.

शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) सगळ्यांत शेवटी, आणि बेताने. फिल्मचा दाणा (तिचा मूळचा बारीक रवाळपणा) घासून गुळगुळीत केला की कातळ प्लास्टिकचा दिसतो.

घरी करून बघणाऱ्यांना आम्ही जिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर सुचवतो. फुकट आहे, आणि 2.10 आवृत्तीपासून 16 बिट चालतं. 35 मिमीची फ्रेम 2400 डीपीआयवर (इंचाला 2400 ठिपके) साधारण 3400 बाय 2270 पिक्सेल देते. त्यात 11 इंच रुंद प्रिंट छान निघते. भिंतभर प्रिंटचा हट्ट त्यातून धरू नये.

काही आकाशं मुळातच कोरी असतात. पिवळा फिल्टर न लावता काढलेल्या फोटोत निळं आकाश आणि पांढरा ढग बऱ्याचदा एकाच छटेचे होतात. तिथे दुसऱ्या फोटोतले ढग आणून बसवा म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. आम्ही नाही म्हणतो. त्यात कामं गेली आहेत, जाऊ देत. माणसाने त्या दिवशी जे पाहिलं तेच त्याच्या हातात पडावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सरांच्या सगळ्या पट्ट्या पैसे न घेता पुन्हा करून दिल्या. त्यांनीच पुढे बरीच माणसं पाठवली. आज आमच्याकडे दोन स्कॅनर आहेत.

गेल्या आठवड्यात पंचवटीतून 120 फिल्मचा (35 मिमीपेक्षा रुंद रोल) एक डबा आला. झाकण उघडताच व्हिनेगरचा भपकारा. अ‍ॅसिटेटची फिल्म आतून कुजू लागली की असा वास येतो, आणि ती कुजायची थांबवता येत नाही. म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून हा डबा आधी घेतलाय. वळलेल्या पट्ट्या जाड पुस्तकांखाली दाबून ठेवल्यात. आज पहिली सपाट झाली. गोदावरीचा पूर आहे, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी, आणि वर, पट्टी उजेडाला धरली की दिसतं, ढगांनी भरलेलं आकाश.